सस्पेंड झालेलं पाणी

आमच्या सोसायटीचा नोटीस बोर्ड लिफ्टच्या शेजारी आहे. सातव्या मजल्यावरून खाली यायला ही लिफ्ट इतका वेळ घेते की, तेवढ्यात माणसाचे सोसायटीचे उपविधी तोंडपाठ व्हावेत. डोंबिवलीत वाचनसंस्कृती टिकून आहे ती अशी. त्या बोर्डावर एका सोमवारी सेक्रेटरींची नोटीस लागली:

‘डिअर ऑल, टुमारो वॉटर विल नॉट कम ड्यू टू टँक क्लीनिंग. काइंडली फिल टुडे ओन्ली अँड को-ऑपरेट द सोसायटी. बाय ऑर्डर.’

नोटीस अर्थात साहेबाच्या लिपीत होती. इथे देवनागरीत उतरवून घेतली आहे, कारण मूळ लिपीत ती जास्त दुखते.

माझी उभी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण शर्टाच्या खिशातलं लाल पेन काही निवृत्त झालं नाही. लग्नपत्रिका आली की घरचे मुहूर्त बघतात, मी ‘आशीर्वाद’मधला ‘शी’ बघतो. हॉटेलच्या मेन्यूकार्डात ‘व्हेज कॅटलेट’ छापलेलं दिसलं की नात हसते आणि माझी भूक मरते. तेव्हा आजूबाजूला कोणी नाही असं बघून मी पेन काढलं. ‘ओन्ली’ला वर्तुळ केलं, ‘को-ऑपरेट’च्या पुढे ‘विथ’ घुसवला आणि ‘विल नॉट कम’खाली रेघ मारून समासात प्रश्न विचारला, ‘पाणी काय पायांनी चालत येतं?’

संध्याकाळी सेक्रेटरी घरी आले. विम्याचं काम करणारा, चाळिशीतला, हसतमुख माणूस. रागावले नव्हते. एवढंच म्हणाले, “काका, पाणी येतंच की. तुमच्याकडे काय करतं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी व्याकरण सांगितलं. ‘ओन्ली’ तिथे बसत नाही म्हणालो. त्यावर ते म्हणाले, “अहो, ‘आजच भरा’ म्हणायचं होतं. ‘आज भरा’ म्हटलं की लोक उद्या भरतात. त्या ‘च’ला इंग्रजीत काय म्हणतात?” आता ह्या ‘च’ला इंग्रजीत काही म्हणत नाहीत. अख्खं साम्राज्य उभं केलं त्या लोकांनी, पण एक ‘च’ काही त्यांना जमला नाही. जाताना सेक्रेटरी दारात थांबून म्हणाले, “पुढची नोटीस तुम्हीच लिहा ना, काका.” असल्या बाबतीत मला आग्रह करावा लागत नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा टाकी धुवायची वेळ आली आणि मी लिहिलं: ‘रेसिडेंट्स आर हिअरबाय इन्फॉर्म्ड दॅट द वॉटर सप्लाय शॅल रिमेन सस्पेंडेड टुमारो, ओइंग टू द पिरिऑडिक क्लीनिंग ऑफ द ओव्हरहेड टँक.’ ‘ड्यू टू’ नव्हे, ‘ओइंग टू’. हा फरक समजणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत आणि ती बोटंही थरथरतात. पाणी भरून ठेवा असं मी लिहिलं नाही. ते ओघानेच येतं, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला अख्ख्या इमारतीचे नळ फुसफुसून गप्प झाले. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा अर्धी दाढी करून जिन्यात उभे राहिले. साबण लावलेलं एक पोर टॉवेलात गुंडाळून शेजारच्या इमारतीत पोचतं झालं. आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकू माझ्या दारात येऊन हळव्या आवाजात म्हणाल्या, “अहो, पंपवाल्या मामांना सस्पेंड केलं म्हणे? दोन लेकरांचा बाप आहे हो तो!”

मग उलगडा होत गेला. नोटीस सगळ्यांनी वाचली होती आणि सगळ्यांना ती समजली होती. ‘वॉटर सप्लाय’ म्हणजे पाणी सोडणारा माणूस. तो ‘सस्पेंडेड’, कारण आपल्याकडे सस्पेंड होतो तो तलाठी, हवालदार नाहीतर ग्रामसेवक. पाणी कशाला सस्पेंड होईल? राहता राहिला ‘ओव्हरहेड’. तो म्हणजे वरखर्च, हे चौथ्या मजल्यावरच्या अकाउंटंटने आदल्या रात्रीच जाहीर केलं होतं. थोडक्यात, टाकीच्या सफाईत वरच्या वर काही हात मारल्यामुळे मामांना घरी बसवलंय. नऊ वाजेपर्यंत त्यांना परत घ्यावं म्हणून अकरा सह्यांचा अर्ज तयार होता. खाली एकाने ‘निःपक्ष इन्क्वायरी व्हावी’ असंही लिहिलं होतं. दुपारी खुद्द मामा हात जोडून आले. “काका, माझं काय चुकलं?”

सेक्रेटरींच्या चार चुकांच्या नोटिशीने पस्तीस घरांनी पाणी भरलं होतं. माझ्या बिनचूक नोटिशीने एका गरीब माणसाची नोकरी जाता जाता राहिली. त्या दिवसापासून मी पेन खिशातच ठेवतो आणि नुसतं ऐकतो.

ऐकायला लागल्यावर पहिला शब्द कानात शिरला तो ‘मिस्टर’. आमच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणतात, “आमच्या मिस्टरांना कारलं आवडतं.” इंग्रजीत ‘मिस्टर’ला पुढे नाव लागतं, नुसता मिस्टर म्हणजे बिनडब्याचं इंजिन. आपण त्याला चक्क विभक्ती लावली, वर आदरार्थी बहुवचनही दिलं. पण वहिनींनी दुसरं काय म्हणावं? ‘नवरा’ म्हटलं तर भांडण झाल्यासारखं वाटतं, ‘पती’ म्हटलं तर सावित्री-सत्यवानाचं नाटक, ‘यजमान’ म्हटलं तर घरात सत्यनारायण मांडल्यासारखं. नाव घ्यायचं तर समोर बायका उखाण्याची वाट बघत बसणार. पिढ्यान्‌पिढ्या जे ‘इकडून’ आणि ‘अहो’वर भागवलं, तिथे हा परदेशी मिस्टर अलगद येऊन बसला. तिकडे तो मानाचा पट्टा होता, इकडे त्याचा माणूस झाला.

पुरुषांनी तेवढ्याच चतुराईने ‘फॅमिली’ शोधून काढली. आमच्या सकाळच्या आठ-पाचच्या गाडीतले एक गृहस्थ सांगतात, “फॅमिली माहेरी गेलीय.” साहेबाला वाटेल, अख्खं घराणं कुठेतरी जाऊन बसलंय. आपल्याला बरोबर कळतं की, एकच व्यक्ती गेलीय आणि हे गृहस्थ रोज संध्याकाळी मिसळ खातायत.

त्या गाडीचीच बोली घ्या. ‘विंडो’ मिळाली म्हणजे खिडकी नव्हे, तिच्याशेजारची जागा. ‘फोर्थ सीट’ म्हणजे तिघांच्या बाकावर चौथ्याने टेकवलेला एक तृतीयांश देह. उरलेले दोन तृतीयांश रेल्वेच्या हद्दीत अधांतरी. लंडनच्या माणसाला ह्यातला शब्द अन् शब्द ऐकू येईल आणि वाक्य एकही समजणार नाही. मग हे इंग्रजी चुकीचं म्हणायचं की इंग्रजीच नाही म्हणायचं?

माझं मत असं होत चाललंय की, हे इंग्रजी नाहीच. ह्याला पुरावा आहे. इंग्रजीत निर्जीव वस्तूंना लिंग नसतं. आपल्याकडे बस ती, ट्रक तो आणि टेबल ते. कोणी शिकवलं? कुठल्या शाळेत हा धडा होता? पाचवीत इंग्रजी सुरू झालेल्या माझ्या पिढीला आणि 2000 सालापासून पहिलीतच इंग्रजी भेटलेल्या पोरांना हे सारखंच येतं. ‘ट्रक आली’ म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा हसतं. एकट्या पेनावर मात्र अजून तडजोड झालेली नाही. कोणाचा तो पेन, कोणाचं ते पेन. पण बाकी बारसं उरकलेलं आहे. ज्या शब्दाला आपण लिंग दिलं, विभक्ती दिली, तो घरातला झाला. घरातल्या माणसाचं माहेर काढून टोमणे मारणं बरं नाही.

“पण अर्थ बदलतो त्याचं काय?” असं माझ्यातला मुद्रितशोधक विचारतो. त्याला मी हल्ली साहेबाचंच चरित्र सांगतो.

आपण ‘एक लेडीज बसली होती’ म्हणतो आणि शिकलेले लोक कपाळावर हात मारतात, कारण ‘लेडीज’ अनेकवचन. आता साहेबाची गंमत बघा. त्याने आपल्याकडचं छिटाचं कापड नेलं. एक ‘छीट’, अनेक ‘छीट्स’. पुढे तो विसरला की हे अनेकवचन आहे आणि ‘छिंट्झ’ हेच एकवचन धरून त्याचे पडदे शिवत बसला. हे कापड अजून ह्याच चुकीच्या नावाने खपतं. म्हणजे त्याने एक ‘छिंट्झ’ म्हटलं की तो शब्दकोश आणि आपण एक ‘लेडीज’ म्हटलं की तो विनोद.

डोक्याला चंपी करतात ती ‘चांपणं’. त्याचं ‘शाम्पू’ झालं. सुरुवातीला तिकडेही त्याचा अर्थ मालिशच होता. पाटण्याकडचे शेख दीन महंमद एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रायटनला अशी मालिश करत असत आणि त्यासाठी त्यांना थेट चौथ्या जॉर्ज राजाकडे नेमणूक मिळाली. पुढे चंपी करणारा हात सुटला आणि नुसता फेस राहिला. आज तो फेस आपण बाटलीतून विकत घेतो आणि त्याचा उच्चार नीट करतो.

आपलं मुंगूस त्याने ‘मंगूस’ म्हणून नेलं. नेलं ते नेलं, पण दोन मुंगसं दिसली तर काय म्हणायचं, ह्यावर तिथली शहाणी माणसं अजून अडखळतात. खडकीचं किर्की केलं, पुण्याचं पूना केलं, भायखळ्याचं बायकुला केलं. मुंबई बेटाची शीव ती शीव; तिचं ‘सायन’ होऊन ती थेट जेरुसलेमच्या डोंगराला जाऊन भिडली. मोहरमच्या मिरवणुकीतला ‘या हसन, या हुसेन’चा आक्रोश गोऱ्या सोल्जरांच्या कानाला ‘हॉब्सन-जॉब्सन’ असा लागला. आपल्याला कोणी असं ऐकलं असतं तर कान तपासून घ्यायला सांगितलं असतं. यूल आणि बर्नेल ह्या दोन साहेबांनी 1886 साली असल्या शब्दांचा जाडजूड कोश काढला आणि त्याचं नावच ‘हॉब्सन-जॉब्सन’ ठेवलं. चूक केली, तिचं बारसं केलं, कापडी बांधणीत विकली. आत्मविश्वास म्हणतात तो हा.

आणि आपण? आपण कचेरीत बसून अदबीने लिहितो, ‘प्लीज डू द नीडफुल’. हे वाक्य साहेबच मागे टाकून गेला. तिकडे ते केव्हाच अडगळीत गेलं. इकडे आपण ते रोज पुसून वापरतो, आणि तिकडून कोणी वाचलं की तो हसतो. गाडीच्या ‘स्टेपनी’चंही तेच. वेल्समधल्या लानेल्ली गावात स्टेपनी नावाचा रस्ता आहे. 1904 च्या सुमाराला तिथल्या कारखान्यातून जादा चाकं निघायची, म्हणून ते नाव पडलं. आज इंग्लंडात स्टेपनी मागितली तर गॅरेजवाला तोंडाकडे बघत राहील. आपल्याकडे ती खेडेगावच्या पंक्चरवाल्यालाही ठाऊक आहे. तिचा दुसरा एक लाक्षणिक अर्थही आपण तयार केला, पण हा लेख घरात सगळे वाचतात.

काही बाबतींत तर आपण त्यांच्यावर उपकार केलेत. मीटिंग पुढे ढकलायला त्यांच्याकडे ‘पोस्टपोन’ होता; अलीकडे ओढायला त्याच्या जोडीचा शब्द नव्हता. आपण ‘प्रीपोन’ रूढ केला. आता तो ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही जाऊन बसलाय, भारतीय म्हणून ओळखपत्र गळ्यात घालून. ज्या देशात वेळेवर काही होत नाही, त्या देशाने ‘वेळेआधी’साठी शब्द द्यावा, ह्यातला विनोद मात्र ऑक्सफर्डला कळला असेल की नाही, शंका आहे.

‘रिव्हर्ट’चं मी अजून समर्थन करू शकत नाही, हे कबूल करतो. मुलगा फोनवर सांगतो, “शुक्रवारपर्यंत रिव्हर्ट होतो.” इंग्रजीत त्याचा अर्थ पूर्वस्थितीला जाणं. मी शुक्रवारी त्याच्याकडे जरा काळजीने बघतो. पूर्वस्थितीला जाऊन तो पुन्हा दहावीत आला, तर ते वर्ष मला झेपायचं नाही.

ही सगळी मजा ठीक आहे. पण ऐकता ऐकता एक गोष्ट अशी दिसली की, हसू आलं नाही.

आमच्या वॉचमनचा मुलगा आयटीआय झाला. पेढे द्यायला आला तेव्हा लिफ्टपाशी पोरांचं टोळकं उभं होतं. नवीन शर्ट, हातात पेढ्यांचा बॉक्स. तो मुद्दाम इंग्रजीत म्हणाला, “आय अॅम पास आउट फ्रॉम आयटीआय.” एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं, कारण ‘पास आउट’ म्हणजे बेशुद्ध पडणं, हे त्यांना मालिका बघून ठाऊक. मुलाचे कान लाल झाले. बॉक्सचं झाकण त्याने उगाच लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. पुढचं सगळं मराठीत आणि खाली बघून झालं.

त्याच टोळक्यात माझी नात होती. पाच मिनिटांनी ती मैत्रिणीला सांगत होती, “अगं, मी लिटरली मेले!” आणि हातात कोल्ड कॉफी. ‘लिटरली’ म्हणजे शब्दशः, अक्षरशः. शब्दशः मेलेल्या व्यक्तीने कॉफी पिणं हा वैद्यकीय इतिहास झाला असता. पण तिला कोणी हसलं नाही. उलट 2013 साली मोठा गाजावाजा झाला की, इंग्रजी कोशांनी ‘लिटरली’चा हा उलटा अर्थसुद्धा नोंदवून घेतलाय. इकडे त्या मुलाची तथाकथित चूक मात्र तितकी चूकही नव्हती. खडकवासल्याच्या एनडीएतून दर सत्राला कॅडेट बाहेर पडतात, त्या संचलनाला ‘पासिंग आउट परेड’ म्हणतात, आणि ती परंपरा इंग्रजांचीच. तिथे कोणी बेशुद्ध पडत नाही. पडला तर उन्हामुळे.

नातीला मी हे सांगितलं. ती गप्प झाली आणि थोड्या वेळाने खाली जाऊन पेढा मागून आली. तिचं कौतुक म्हणून सांगत नाही. मला दिसलं ते एवढंच की, चूक कोणती ह्यावर हसणं ठरत नाही. ती कितव्या मजल्यावरून झाली ह्यावर ठरतं. सातव्या मजल्यावरून झाली तर फॅशन, वॉचमनच्या खोलीतून झाली तर अडाणीपणा. माझ्या लाल पेनानेही जन्मभर खालच्या मजल्यांवरच जास्त शाई सांडली असणार. छापखान्याच्या मालकांच्या पत्रातल्या चुका मी कधी काढल्याचं आठवत नाही.

म्हणून काय, काहीही बोललं तरी चालतं? तेही नाही. माझ्या थोरल्या साडूंची गोष्ट ऐका. बँकेत अडतीस वर्षं काढलेला माणूस. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि घरी सोडताना औषधांचा कागद हातात आला. एका गोळीपुढे ‘ओडी’ लिहिलेलं. साडू म्हणाले, “ओव्हरड्राफ्ट? माझ्या नावावर?” दुसरीपुढे ‘टीडीएस’. “गोळीवरसुद्धा टॅक्स कापायला लागले!” तिसरीपुढे ‘बीडी’. ती मी 1992 सालीच सोडली, असं त्यांनी बायकोला शपथेवर सांगितलं. इथवर गंमत होती. मुलाने समजावलं की ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा.

पण वेदनेच्या गोळीपुढे ‘एसओएस’ होतं आणि ते समजावून घ्यायची कोणाला गरज वाटली नाही, कारण एसओएस सगळ्यांनाच माहीत असतं. जहाज बुडताना पाठवतात तो संदेश. साडूंनी रात्रभर ओठ दाबून कळा सोसल्या. पहाटे मेहुणीने विचारलं, “अहो, गोळी का नाही घेतली?” तर म्हणाले, “अजून बुडत नव्हतो.” डॉक्टरांचं एसओएस लॅटिन आहे, ‘सी ओपुस सिट’; अर्थ इतकाच की, गरज लागली तर घ्या. हे तीन शब्द मराठीत लिहायला डॉक्टरांना चार सेकंद लागले असते. त्या चार सेकंदांची भरपाई साडूंनी आठ तास केली.

तसाच दुसरा शब्द महामार्गावर आपल्यापुढे धावत असतो. पेट्रोलच्या टँकरच्या पाठीवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ असतं. ‘करेक्ट’च्या उलट ‘इन्करेक्ट’, ‘डायरेक्ट’च्या उलट ‘इन्डायरेक्ट’ शिकलेल्या सरळ माणसाला वाटणारच की, ‘इन’ लागलंय म्हणजे हे पेटणारं नव्हे. खरा अर्थ नेमका उलट. पटकन पेट घेणारं. ह्या शब्दात मूळ लॅटिनमधला ‘इन’ नकाराचा नाही. हा घोळ फक्त आपलाच नव्हता. अमेरिकेतल्या आगप्रतिबंधक संस्थेने 1920 च्या दशकातच आग्रह धरला की, ‘इन’ काढा आणि नुसतं ‘फ्लेमेबल’ लिहा. व्याकरणाच्या दृष्टीने जुना शब्द निर्दोष होता. पण निर्दोष शब्दाने माणूस भाजणार असेल, तर शब्द बदलायचा, एवढं शहाणपण त्यांनी दाखवलं.

ह्या दोन गोष्टींवरून मी स्वतःपुरता एक नियम केलाय. चुकलेल्या शब्दाने कोणाचं काही बिघडतंय का, ते आधी बघायचं. कोणी उपाशी राहतं का, भाजतं का, कळा सोसतं का, कोणाची नोकरी जाते का. तसं असेल तर लाल पेन काढायचं आणि समोर डॉक्टर असो की कलेक्टर, बिनदिक्कत वर्तुळ करायचं. कोणाचंच काही बिघडत नसेल तर ते मिस्टरांना खुशाल कारलं वाढू द्यायचं.

नियम केला खरा, पण जातिवंत खोड जात नाही. परवा नातीने नवीन बाटली दाखवली. स्टीलची, झाकणाला स्ट्रॉ, किंमत आठशे रुपये. “आजोबा, माझा टंबलर!” मी म्हणालो, “अगं, शुद्ध मराठीत टमरेल म्हण की.” ती शहारली, कारण तिला टमरेल फक्त एकाच कामासाठी ठाऊक आहे. मी ठासून सांगितलं की, हा आपल्या मातीतला शब्द आहे, आणि पुराव्यासाठी शब्दकोश उघडला. टमरेल हे इंग्रजी ‘टंबलर’वरूनच आलेलं! साहेबाच्या टेबलावरून शेताच्या बांधावर गेलं आणि शंभर-सव्वाशे वर्षांनी न्हाऊनमाखून आठशे रुपयांना परत आलं.

कोश उघडलाच होता म्हणून मी सेक्रेटरींची ती जुनी नोटीस आठवून एकेक शब्द तपासला. तिच्यातल्या ज्या शब्दांना मी हातही लावला नव्हता, त्यांतला एक ‘टँक’. तो इंग्रजांनी गुजरातीतल्या आणि मराठीतल्या ‘टाक्या’वरून उचलला असावा, असं इंग्रजी कोशकारच लिहितात. शिवनेरी किल्ल्यावर गंगा-जमना आहेत ना, तसलं टाकं. काहींना त्यात पोर्तुगीजांचाही हात दिसतो. म्हणजे त्या अख्ख्या इंग्रजी नोटिशीत निदान एक शब्द बहुधा आपला होता आणि मी मारे तो अस्सल इंग्रजी समजून सोडून दिला होता.

अशा वेळी मला डॉ. जॉन्सन आठवतात. 1755 साली त्यांनी इंग्रजीचा कोश केला, सुमारे 42 हजार शब्दांचा, बराचसा एकट्याने. त्यात ‘पास्टर्न’ ह्या शब्दाचा अर्थ त्यांनी घोड्याचा गुडघा असा दिला. तो असतो खुरापाशी. एका बाईने विचारलं, तुमच्यासारख्या पंडिताने असं कसं लिहिलं? तिला वाटलं, आता काहीतरी विद्वत्ताप्रचुर ऐकायला मिळणार. जॉन्सननी सरळ सांगून टाकलं की अज्ञान, दुसरं काही नाही. कोशातल्या बाकीच्या 42 हजार अर्थांपेक्षा मला हे उत्तर मोठं वाटतं.

गेल्या आठवड्यात पुन्हा टाकी धुवायची होती. सेक्रेटरींनी कोरा कागद पुढे केला. “काका, होऊन जाऊ द्या. पण ह्या वेळी पंपवाल्या मामांना सांभाळा.” मी मराठीत लिहायचं ठरवलं. लिहिलं: ‘उद्या बुधवारी टाकी साफ करायची आहे. पाणी येणार नाही. आजच बादल्या भरून ठेवा.’ तीन वाक्यं. ‘साफ’ अरबी, ‘बादली’ पोर्तुगीज, आणि ‘आजच’मधला ‘च’ मात्र शंभर टक्के आपला. पाणीही ‘येणार नाही’ असंच लिहिलं. समासात कोणी प्रश्न विचारला असता तर त्याला चहाला बोलावणार होतो.

कागद बोर्डावर लावला, दोन पावलं मागे जाऊन पाहिला. एकही खोट नाही. तेवढ्यात सेक्रेटरी आले. त्यांनी वाचला, मान डोलावली, मग माझ्या खिशातलं लाल पेन माझ्या परवानगीने काढून घेतलं आणि ‘बुधवारी’भोवती छान गोल वर्तुळ केलं.

“भाषा एकदम ओक्के, काका. फक्त उद्या गुरुवार आहे.”

जॉन्सनसाहेबांचं उत्तर मला पाठ होतं. मी तेच दिलं.